बाबांनी उलटलेले पत्ते

नव्या पत्त्यांच्या कॅटचा वास आला, की बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरातली ती दिवाळीची दुपार आठवते. बाबांचा कॅन्सरचा रिपोर्ट त्यांच्यापासून लपवून आम्ही हसत हसत तीन पत्ती खेळत होतो. शेवटी डावात बाबा आणि मी दोघंच उरलो. माझ्या हातात एक्क्यासकट तिन्ही पत्ते बदामाचे, म्हणजे कलर. बाबा मात्र पत्ते न पाहताच चाल वाढवत होते. "घाबरून राहिला का रे पोट्ट्या?" कलरला सिक्वेन्स मारतो, ही भीती होतीच, पण त्यांना जिंकू द्यावंसं जास्त वाटलं. मी पॅक केलं, पत्ते पालथे टाकून डाव सोडला. बाबांनी हात लांबवून माझे पत्ते उलटले. कलर कधी पॅक करायचा नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या तीन बदामांकडे पाहतच ते म्हणाले, "डॉक्टरनं किती दिवस सांगतले?" मी त्यांना हरवायला हवं होतं.