दुखणं ही बातमी असते

मेश्राम सर गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. गडचिरोलीच्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेले. दीड महिना झाला, राग उतरलेला नाही. छातीतली कळ ॲसिडिटीच्या गोळ्यांवर ढकलणारा हा माणूस आमच्या कुरखेड्याच्या कॉलेजात गणित शिकवायचा आणि उरलेला वेळ एकाच प्रश्नामागे घालवायचा... यंत्राला अक्कल यायची असेल, तर आधी त्याला काही दुखायला नको का?

मी तिथंच भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे सरांना वादाला हक्काची. "नसरीनबाई, तुमचा कम्प्युटर बुद्धिबळात जिंकला तरी त्याले खुशी नाई, हरला तरी दुःख नाई. मंग तो हुशार कसा?" भावना म्हणजे बुद्धीतली भेसळ, असं सगळे समजतात. सर म्हणायचे, भावना नसेल तर लक्ष कुठं द्यायचं हेच बुद्धीला कळणार नाही. दुखणं ही बातमी असते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

उन्हाळ्याच्या तोंडावर नागपूरच्या एका चर्चासत्रात निबंध वाचायचं त्यांना बोलावणं आलं. मी त्याच संध्याकाळची तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली, सरांकडून कबूल करून घेतलं. सत्रात अध्यक्षांनी त्यांना मध्येच थांबवलं. गणित चांगलं आहे, ते दुखण्याबिखण्याचं काढून टाका, म्हणाले. सर तडक स्टँडवर गेले आणि मिळेल त्या एसटीनं परतले. डॉक्टरांचं विचारलं तर म्हणाले, "डोकं फिरलं होतं बाई. जाईन ना पुढच्या महिन्यात. गॅसच तर हाय." त्यांनी राग ऐकला, कळ ऐकली नाही. आता मी चिडू कोणावर, त्या अध्यक्षांवर की सरांवर?

परवा कॉलेजच्या कम्प्युटरवरून त्यांच्या फायली उतरवून घ्यायला बसले. शेजारी त्यांच्या पत्नी, सुमनवहिनी होत्या. एक प्रोग्राम सापडला. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका दाणे वेचत फिरत होता. फिरता फिरता भिंतीवर जोरात आदळला, तसा समोरचे दाणे सोडून कोपऱ्यात गेला आणि तिथंच थांबला.

"काऊन थांबला तो?" वहिनींनी विचारलं.

"त्याला लागलंय. लागलं की हातातलं काम सोडायचं, बरं वाटेपर्यंत उठायचं नाही, असं सरांनी शिकवलंय त्याला."

वहिनींनी पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"त्याले शिकवलं," एवढंच म्हणाल्या.