सोबत म्हणून गेले होते

पोट दुखत होतं ते माझ्या नवऱ्याचं. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली हात दाबून बसायचे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी, पाळ्या सतत बदलत्या, त्यामुळे डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलत राहिले. शेवटी एका रविवारी मीच त्यांना नाशिक रोडच्या सोनोग्राफी सेंटरवर घेऊन गेले. सोनोग्राफी उपाशीपोटी करायची असते. ते उपाशी असताना आपण चहा कसा घ्यायचा, म्हणून मीही काही खाल्लं नव्हतं.

डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी यांच्या पोटावर गार जेल लावलं आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"पित्ताशयात पॉलिप आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे आतल्या भिंतीवरचे मोड. घाबरू नका. हे बघा, बारीक आहेत, तीन-चार आहेत, चमकतात आणि प्रत्येकाच्या मागे धूमकेतूसारखी शेपटी दिसते. हे कोलेस्टेरॉलचे. यांचा त्रास नसतो. दुखणं बहुतेक ॲसिडिटीचं असणार. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

यांनी एवढा मोठा श्वास सोडला की डॉक्टर हसल्या. शर्ट खोचत हे म्हणाले, "मॅडम, हिचंही बघा ना. उपाशीच आहे. कधी स्वतःची तपासणी करत नाही."

"अहो, मला काय झालंय?" मी म्हटलं. पण गर्दी नव्हती, डॉक्टरही "या" म्हणाल्या. हे भावाला फोन करायला बाहेर गेले. "काही नाही रे, सगळं नॉर्मल," असं मोठ्याने सांगत होते, ते मला आतपर्यंत ऐकू येत होतं.

मी आडवी झाले. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर डॉक्टर सुरुवातीला माझ्या शाळेबद्दल विचारत होत्या. मग मध्येच बोलायच्या थांबल्या. "डाव्या कुशीवर वळा, ताई." वळले. "आता श्वास रोखा." रोखला. "आता उठून बसा." बसले, आणि मी बसलेली असतानाच त्या बघत राहिल्या. पडद्यावर एक करडा उंचवटा होता. मी कुठेही वळले तरी तो तिथेच.

"खडा आहे का?" मी विचारलं.

"खडा असता तर तुम्ही वळल्यावर घरंगळला असता. शिवाय मागे काळी सावली पडली असती." त्यांनी एक बटण दाबलं. त्या करड्या उंचवट्यात लाल-निळे ठिपके लुकलुकले. "हा रक्तप्रवाह. तुमच्या मिस्टरांच्या पॉलिपमध्ये तो नव्हता."

"म्हणजे हाही पॉलिपच?"

"पॉलिपच. पण वेगळ्या प्रकारचा वाटतो. एकच आहे, देठ नाही, रुंद बुडाने भिंतीला चिकटलाय आणि एक सेंटिमीटरच्या वर आहे. हा ठेवायचा नाही, ताई. सर्जनना दाखवा. उशीर करू नका."

"पण माझं काहीच दुखत नाही," मी म्हटलं. "मी यांच्यासोबत आलेय."

हे वाक्य मी बहुधा दोनदा म्हटलं. डॉक्टरांनी मला जेल पुसायला कागद दिला, तो मी नुसता हातात धरून बसले. मग त्यांनीच पुसलं.

बाहेर हे फोन खिशात ठेवत हसत होते. "चल, मिसळ खाऊ." मागून आलेल्या डॉक्टरांनी यांना सगळं सांगितलं. यांचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. रिक्षात त्यांनी माझा हात धरला होता. भर रस्त्यात त्यांनी असा हात कधी धरला नव्हता. घरी येऊन मी गॅसवर कुकर चढवला आणि वास आल्यावर कळलं की त्यात पाणीच घातलेलं नाही.

सर्जननी आणखी एक स्कॅन करून घेतला आणि पित्ताशय काढायचंच, असं सांगितलं. "कॅन्सर आहे का?" हे विचारत होते. "काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही," सर्जन म्हणाले. ऑपरेशन झालं, टाके सुकले, मी वरणभात खाऊ लागले. पण भीती वाटायला हवी होती तशी वाटतच नव्हती. सुन्न होते. वर्गातल्या मुलांच्या वह्या पुढ्यात घेऊन एकाच पानाकडे बघत राहायचे.

काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीचा निकाल आला. गाठ कॅन्सरच्या वाटेवरच होती. काही पेशी बदलायला लागल्या होत्या, पण भिंतीत शिरल्या नव्हत्या. "सगळं निघालंय," सर्जन म्हणाले. "पुढे औषधसुद्धा नको. नशीबवान आहात. अशी गाठ असलेल्या बऱ्याच जणांना दुखायला लागतं तेव्हा हातात काही उरलेलं नसतं."

बाहेर आल्यावर हे हॉस्पिटलच्या पायरीवर मटकन बसले आणि भरल्या रस्त्यासमोर रडले. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. मी शेजारी उभी होते, त्यांच्या पाठीवर हात ठेवून. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र एवढंच दिसत होतं की मी रोज उठत होते, डबे करत होते, फळ्यावर लिहीत होते, आणि ते आत वाढत होतं. मला कळलंसुद्धा नाही.

"अहो, उठा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच परका वाटला.