शेळीच्या पायातली खुंटी

शेजारची प्राध्यापिका हाडांवर संशोधन करायची; बोलता बोलता समोरच्याचं मनगट चाचपायची. त्या वर्षी यवतमाळात भाव नाही म्हणून तिच्या माहेरी कापूस घरातच पडून होता. त्याच कापसावर प्रक्रिया करून, त्यात हाडांमधला क्षार मिसळून तिनं मोडलेलं हाड सांधणारी खुंटी केली. हाड जुळलं की खुंटी अंगातच विरघळणार होती.

"आधीच विरघळली तं?" ती सारखी म्हणायची.

तिच्या लाडक्या शेळीचा पाय मोडला, तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी तीच खुंटी बसवली. पट्टी सोडायच्या दिवशी प्राध्यापिका भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मला म्हणाली,

"ताई, तुम्हीच पाहा. मले नाही होत."

शेळी धडपडली, उभी राहिली, चालू लागली.

"अगं, चालून राह्यली!" मी ओरडले.

ती माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक.

"आता माणसाच्या हाडात टाका म्हणतील, ताई. मले त्याचंच भेव वाटते."