गाडी राखणारी वाडी

जालना जिल्ह्यात डोंगर कुठला आलाय, असं म्हणणाऱ्यांत परवा-परवापर्यंत मीही होते. नवीन जालन्यात आमच्या बियाणे कंपनीच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी सुशीला मात्र दर सोमवारी माहेरच्या डोंगराचं कौतुक सांगून माझं डोकं खायची. जिल्ह्याच्या पार उत्तरेला, अजिंठ्याच्या रांगेत तिची वाडी. शेवटी म्हटलं, एकदा बघूनच येऊ. जानेवारीतला शनिवार धरला. ऐन वेळी सुशीलाच तापानं आडवी झाली, पण मी एकदा पिशवी भरली की भरली.

कुणाला जायचं असेल तर सकाळची एसटी धरा. राजूरला ती चहापुरती थांबते. मी तिथल्या गणपतीला लांबूनच हात जोडले, कारण समोर भजी गरम होती. पुढे तालुक्याला उतरून वाडीची गाडी घ्यायची. ती दिवसातून एकदाच वर जाते, रात्री तिथेच मुक्काम करते आणि सकाळी खाली येते. मी पोचले दुपारी एकला, गाडी साडेचारला!

स्टँडवर एक म्हातारी बाकावर भाकरी सोडून बसली होती. वाडीचीच निघाली. तालुक्याला काय काम काढलंत, विचारलं.

"काम काई न्हाई," ती म्हणाली. "जाऊन येऊन राह्यले."

मला गंमत वाटली. तेवढ्यात काळी-पिवळी जीपवाला हाका मारायला लागला. म्हातारीनं दोनदा बजावलं की गाडी येती, बसा दम धरून. पण दम धरणं माझ्या रक्तातच नाही. घुसले जीपमध्ये. आत पंधराएक माणसं, दोघं टपावर आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी. दहा रुपयांत एवढा अनुभव म्हणजे स्वस्तच की. जीपनं डोंगराच्या पायथ्याशी फाट्यावर सोडलं. वर तासाभराची चढण. दोन्ही बाजूंना साग आणि सीताफळीची झुडपं, रस्त्यावर नुसती खडी. डांबर येणार आहे, असं गेली काही वर्षं चाललंय म्हणे. पाणी सोबत ठेवा, कारण वाटेतला एकुलता एक हातपंप मी चांगला पाचेक मिनिटं हाणला आणि त्यानं फक्त कुरकुर केली.

वाडी म्हणजे पन्नासेक घरं. शाळा सातवीपर्यंत. लाईट आली की बायका आधी चक्कीकडे धावतात. नर्सबाई बुधवारी येतात, त्या एसटीनंच. टपाल, पेपर, औषधं सगळं त्याच गाडीनं, आणि आजारी माणूस खाली न्यायचा तोही तिच्यातूनच.

सुशीलाचे भाऊ विठ्ठलराव यांनी पाय धुवायला पाणी दिलं आणि कशानं आलात, असं विचारलं. मी फुशारकीनं जीपनं म्हणून सांगितलं. नवरा-बायकोचे चेहरे खर्रकन उतरले. पाहुणीला बोलायचं कसं, असं दोघांना झालं. शेवटी चहा देताना वहिनींनीच सांगितलं. डेपोनं कळवलं होतं की गाडीला माणसं कमी पडतात. महिनाभर बघू, नाहीतर बंद करू. तेव्हापासून वाडीत कुणी जीपमध्ये बसत नाही, पाहुणेसुद्धा. मारुतीच्या पाराच्या भिंतीवर खडूनं नंबर लावलेत. ज्या घराचा नंबर, त्यातल्या एकानं सकाळी गाडीत बसून तालुक्याला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. काम असो वा नसो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दहा रुपयांत मी काय करून बसले होते!

दिवेलागणीला गाडी आली. पहिली उतरली ती स्टँडवरची म्हातारी. विठ्ठलरावांच्या आईच त्या, काशीबाई! मागून दहावीतली नात रेखा, पाठीवर दप्तर.

"ह्याच का त्या, घाईच्या?" काशीबाईंनी विचारलं आणि मनमोकळं हसल्या. त्यांना अर्धं तिकीट पडतं, पण सीट आख्खी भरती, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाचेही घरोघर नंबर होते, आणि आज तो नेमका इथे. भाकरी, ठेचा, भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी. मी कित्येक दिवसांत एवढं जेवले नव्हते. कंडक्टरला म्हटलं, हे बिनकामाचे पॅसेंजर तुम्हाला ठाऊक आहेत ना? तो म्हणाला, माणूस बसतो, तिकीट काढतो, काम असायलाच पाहिजे असा नियम मी तर वाचला नाही.

मग मी न राहवून विठ्ठलरावांना विचारलं, गाडी बंदच झाली तर?

"जीपला लोंबकळून मी पोरीला धाडणार न्हाई," ते म्हणाले. "गाडी बंद तर शाळा बंद."

परीक्षा मार्चमध्ये होती. रेखा वहीला कव्हर घालत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला. मला त्या माणसाचा राग आला, आणि दुपारची जीप आठवून तो राग गिळावाही लागला.

रविवारी सकाळी गावातले बियाण्याचे प्लॉट बघायला आलेली दुसऱ्या एका कंपनीची जीप थेट जालन्याला निघाली होती, तीही फुकट. मी एसटीत बसले, खिडकीशी, आणि कंडक्टरकडून तिकीट मागून घेतलं. काशीबाई खालून बघत होत्या. त्यांनी मान डोलावली.

घरी आले तेव्हा अंग ठणकत होतं, पण मन वाडीतच अडकलेलं. महिना संपल्यावर सुशीलाला ऑफिसात फोन आला. गाडी परीक्षेपर्यंत तरी राहणार! पुढचं माणसं किती बसतात ते बघून ठरवणार आहेत. मी तिच्या हातातून फोन जवळजवळ ओढलाच. पलीकडे रेखा होती. अभ्यासाचं विचारलं आणि म्हटलं, भिंतीवर माझंही नाव लिही.

"आत्या, तुम्ही जालन्याहून येणार?" तिनं विचारलं.

"रविवारचा नंबर दे," म्हटलं.

काल पिशवी भरताना नवऱ्यानं विचारलं, आता परत तिकडे काय काम काढलंस?

"काम काही नाही," मी म्हटलं. "जाऊन येतेय."