शिजवलेलं चालत नाही

कच्चं खाण्याचे फायदे आहेत, नाही असं नाही. आमच्या टीम लीडचं पोट दोन-तीन महिन्यांत आत गेलं, चेहऱ्यावर तुकतुकी आली, जुनी ॲसिडिटी पळाली. शिवाय गॅस सिलिंडर लवकर संपत नाही आणि कढया घासाव्या लागत नाहीत. झाले फायदे. आता बाकीचं ऐका.

बाकीचं म्हणजे त्याचं तोंड. माणूस मुकाट्याने गाजर खाईल तर शपथ! हिंजवडीच्या बस सकाळी भरभरून जायला लागल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. अमेरिकेहून परत आलेला प्रत्येक जण येताना काही ना काही खूळ घेऊन यायचा. याने हे आणलं. ‘अन्न शिजवलं की ते मरतं’ हे तो मीटिंगमध्ये ऐकवायचा आणि आम्ही डबे उघडले की आमच्या पोळीभाजीकडे सुतक असल्यासारखा बघायचा. स्वतः कँटीनमधून चिरलेल्या काकडी-टोमॅटोची प्लेट घ्यायचा, त्यावर मोड आलेले मूग, आणि दुपारी चारला क्लायंटच्या कॉलवर पेंगायचा. त्याच्या पोटातले आवाज लंडनला ऐकू जात असणार. त्यात चिडका! उपाशी माणूस चिडणारच, पण हा आमच्यावर खेकसून वर म्हणायचा, "बघा, मी किती शांत झालोय."

टीममधल्या दोघी त्याच्या नादाला लागल्या. रविवारी मंडई पालथी घालून पिशव्या भरभरून पालेभाज्या आणल्या आणि बुधवारपर्यंत दोघींचं पोट बिघडलं. मी त्या फंदात पडले नाही. आमच्या घरात कच्च्याचं कसलं आलंय कौतुक? आई विदर्भातल्या खेड्यातली. चिंचेचा पाला, हिरवा हरभरा, ज्वारीचे दाणे असंच तोंडात टाकून तिचं लहानपण गेलं, कारण चुलीवर ठेवायला घरात काही नसायचं. चूल पेटली तो दिवस चांगला, एवढंच तिचं आहारशास्त्र. म्हणून ती रांधते ते जीव ओतून, आणि समोरचा पोटभर जेवला नाही तर तिचा जीव खाली-वर होतो.

वारज्याला आम्ही नवा फ्लॅट घेतला. घरात परित्राण पाठ झाला, नातेवाईक जेवून गेले. मग आईने हट्ट धरला की तुझ्या ऑफिसातली माणसं जेवायला बोलव. हा हट्ट जुना होता. बाबांच्या अख्ख्या नोकरीत त्यांच्या बरोबरीचे लोक ‘येऊ कधीतरी’ म्हणत राहिले आणि ‘कधीतरी’ येण्याआधी बाबा रिटायर झाले. लेकीच्या ऑफिसातल्या माणसांनी तरी आपल्या हातचं जेवावं, एवढंच तिला हवं होतं. मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "आई, आमच्याकडे तसलं काही नसतं. आमच्याकडे आडनाव नाही, काम बघतात."

सगळे आले. आईने पाटवडीचा रस्सा केला होता, भरलेली वांगी, ज्वारीच्या भाकरी, वर खीर. लीडने हॉलमधली बुद्धमूर्ती पाहिली, शेजारचा निळ्या कोटातला फोटो पाहिला, "छान आहे घर" म्हणाला आणि सोफ्याच्या टोकाला बसला. ताट पुढे आलं तसा म्हणाला, "काकू, मला शिजवलेलं चालत नाही."

"अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं!" असं मलाच रागावून आई आत पळाली. त्याच्यासाठी काकडी सोलली, टोमॅटो, मुळा चिरला, लिंबू पिळलं, बाबांच्या नाश्त्याची मोडाची मटकी होती ती सगळी ओतली. ताटली इतकी नीट लावली होती की कुणीही हात घातला असता. त्याने नाही घातला. "चिरलं की त्यातलं सत्त्व जातं, काकू," म्हणाला, टेबलावरच्या फण्यातलं एक केळं स्वतः तोडून घेतलं, आणि पाणी आपल्या बाटलीतलं प्यायला. बाकीचे मात्र तुटून पडले होते. एकाने रस्सा तीनदा मागून घेतला. आई सगळ्यांना आग्रह करत होती, पण तिचं लक्ष त्या ताटलीकडेच होतं.

सगळे गेल्यावर तिने ताटली उचलून आत नेली. मी म्हटलं, "आई, डाएट आहे गं ते. अमेरिकेचं खूळ."

"असेल," ती म्हणाली.

"असेल काय? आहेच!" मी तिच्यावरच डाफरले. कँटीनमधली चिरलेली काकडी मला आठवत नव्हती असं नाही. पण आठवून करायचं काय होतं? उद्या सकाळी त्याच्याच शेजारी बसायचं होतं.

पुढे त्याने बिबवेवाडीला फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्हाला बोलावलं. मांडवात पंगत बसली होती आणि हा महाभाग मधोमध मांडी ठोकून मसालेभात ओरपत होता! अळूची भाजी झाली, मठ्ठा झाला, जिलब्यांना तर मोजदाद नव्हती. मी समोरच बसले होते. मला राहवेना.

"अरे, हे शिजवलेलं आहे."

"आज चालतं गं," तो घास चावत म्हणाला. "आचारी आपल्यातलाच आहे."

म्हणाला आणि मग त्याच्या लक्षात आलं की कुणाला म्हणाला. हातातली जिलबी हातातच राहिली. ‘आपल्यातला’ म्हणजे काय, हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी म्हटलं, "हो का? मग हे अन्न जिवंत असेल." आणि माझं ताट पुसून जेवले. त्याच्यासाठी मी कशाला उपाशी राहू?

घरी आले तर आई विचारते, काय काय होतं जेवायला? मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, "तो जेवला?"

खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "जेवला. भरपूर जेवला." आणि मला रडू फुटलं. एवढी शिकलेली मी, एवढा पगार, आणि त्या भामट्याची बाजू घेऊन मी माझ्याच आईशी भांडले होते, याचा मला भयंकर संताप आला होता.

आईने मला जवळ घेतलं. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला रोज तिथंच जायचं असतं ना."