दोन ठोके

ते कधी कुणाला हाक मारत नसत. राहुटीशी आले की बांबूवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकत आणि बाहेरच उभे राहत. आतून कुणी तीनदा ठोकल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. पहिल्या दिवशी मी आतून विचारलं, "कोण आहे?" उत्तर नाही. बाहेर येऊन पाहतो तर म्हातारा झाडाच्या शेंड्याकडे पाहत उभा.

"अहो, बोलत काहून नाही?"

"बोलनं कोनीबी बोलते, बाबू," ते म्हणाले. "ठोकनं मानसाचं."

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. जंगलात माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, हा त्यांचा कायदा होता. तो त्यांच्या सगळ्या कोलाम पोडाचा, म्हणजे पाड्याचा होता की त्यांचा एकट्याचा, मला माहीत नाही. आम्ही त्यांना आबाजी म्हणत असू. तुम्हीही त्यांना आबाजीच म्हणा.

आधी घरचं सांगतो, म्हणजे मी त्या जंगलात कशाला गेलो ते समजेल. माझे वडील दिग्रसच्या जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर होते. दिवसभर कापसाची बारीक पूड छातीत जाई आणि रात्रभर खोकल्यातून बाहेर येऊ पाही. आई वेचणीला जाई. टिनाच्या एका खोलीत आम्ही सहा जण, आणि पावसाळ्यात खाट कोरड्या कोपऱ्याच्या मागे फिरे. छप्पन साली वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि मला समोर बसवून सांगितलं, "आजपासून देव नाही, भूत नाही, अंगात येनं नाही. पुस्तक आहे." मी पुस्तक धरलं. आमच्या वस्तीतला पहिला बी.ए. मी. हे सांगायला मला आजही संकोच वाटत नाही.

पण बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसलो. मग मिळाली ती वनखात्यातली सहा महिन्यांची तात्पुरती नोकरी. झरी जामणीकडच्या जंगलात सागाची झाडं मोजायची. मोजणी वेळेत पुरी झाली तर कायम करू, असं साहेब म्हणाले. मोजणीची साखळी ओढायला माणूस हवा होता, म्हणून माझ्या मावसभावाला, देवरावला, मीच जिनिंगमधून सोडवून नेलं. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. निघताना मावशीने माझा हात धरला. "तू नेऊन राह्यला, तूच वापस आनजो."

मी म्हटलं, "आणतो."

आम्ही सात जण होतो. मी, देवराव, तीन मजूर, स्वयंपाकी चाचा आणि वाट दाखवायला आबाजी. सरकारी सामान बैलगाडीभर होतं. कॅनव्हासच्या राहुट्या, गॅसबत्ती, लोखंडी साखळी आणि माझ्या गळ्यात होकायंत्र. आबाजींचं सामान त्यांच्या अंगावरच मावे. खांद्यावर कुऱ्हाड, काखेत पाण्याचा तुंबा, कमरेला कातड्याची पिशवी. पिशवीत गारगोटी, लोखंडाचा एक तुकडा आणि सावरीचा कापूस. दवाने माझी आगपेटी सर्दली की ते लोखंड गारगोटीवर मारत, ठिणगी कापसात धरत आणि हळूच फुंकत. कापसाने माझ्या बापाची छाती जाळली होती. इथे चिमूटभर कापसावर आमचा चहा उकळे.

"तेंदूचं लाकूड नको लावू, थे ठिनग्या उडवते, तुह्यी राहुटी जाळीन," ते सांगत. "धावडा लाव. धावडा सकाळलोक जागा राह्यते." नाल्याचं पाणी ते कधी पीत नसत. काठापासून हातभर दूर वाळूत खड्डा करत, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकत आणि मग स्वच्छ झिरपेपर्यंत उकिडवे बसून राहत. मी हे सगळं वहीत लिहून घेई. ते वहीकडे पाहून म्हणत, "वही भिजली तं?"

चाचा पुसदचे, तोंडाने तिखट. "बीए साहेब, तुमच्या होकायंत्रात उत्तर दिसते, दक्षिण दिसते. चुलीची लकडी कुठं हाये, थे दिसते का?"

पहिल्या मुक्कामाला जागा मी निवडली. सपाट, कोरडी, झाडून ठेवल्यासारखी. चार खुंट्या मी स्वतः ठोकल्या. आबाजी आले, खाली वाकून बराच वेळ जमीन पाहिली.

"येथं मुंगी नाही, बाबू."

"बरंच झालं की."

"पाखराची बीट नाही, डुकराचा पाय नाही. येवढी चांगली जागा कोनीच काहून नाही घेतली?"

शेवटी राहुट्या दोनशे पावलांवर, दगडाळ उतारावर लागल्या. घाईत माझ्या खुंट्या तिथेच राहिल्या. सकाळी मी मुद्दाम जाऊन जागा पाहून आलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "आबाजी, काहीच झालं नाही तिथे."

"मंग? वाईट वाटून राह्यलं का तुले?"

चाचा आठवडाभर हसत होते. मी मात्र एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. माझ्या चारही खुंट्या उपटलेल्या होत्या आणि एकीला एक लावून, टोकं एकाच दिशेला करून, ओळीने ठेवलेल्या होत्या. एखाद्या गुराख्याने केलं असेल. त्या भागात गुरं येत नाहीत हे मला नंतर कळलं.

पौषातली सकाळ होती. नऊ वाजून गेले तरी धुवारी उठत नव्हती. धुकं इतकं दाट की स्वतःचा पसरलेला हात कोपरापर्यंतच दिसे. मजूर तळावर होते. आमच्याबरोबर आलेले आबाजी म्हणाले, "आज नको." पण मोजणी चार दिवस मागे पडली होती आणि मला कायम व्हायचं होतं. मी साखळीचं एक टोक धरलं, दुसरं घेऊन, खांद्यावर कुऱ्हाड टाकून देवराव पुढे गेला. साखळी ताणली गेली. मी आकडा लिहिला. मग साखळी सैल पडली.

मी ओढली. ती हलकी आली, पालापाचोळ्यावरून सरसरत. टोकाला कुणी नव्हतं.

मी ओरडलो, "देवराऽव!"

"ओऽ!" खालून, डावीकडून. आवाज त्याचाच. मी तिकडे दोन पावलं टाकली तोच छातीवर कुऱ्हाडीचा दांडा आडवा आला.

"नाव नको घेऊ. ठोक."

"अहो, आवाज त्याचाच आहे!"

"आवाज त्याचाच हाये. पन तो हाये का?"

आबाजींनी पायाने एक दगड पुढे सारला. दगड धुक्यात गेला. मी ऐकत राहिलो. खूप वेळाने, खूप खोल, तो दगडांवर आपटला. कडा माझ्यापासून एका पावलावर होता. आणि त्या पोकळीतून पुन्हा हाक आली, "ओऽ, ये ना!" या वेळी मी कुणाला बोलावलंच नव्हतं.

आबाजींनी मला दंडाला धरून मागे ओढलं. एका वाळलेल्या उभ्या झाडावर कुऱ्हाडीच्या पाठीने दोन ठोके दिले. थांबले. पुन्हा दोन. जंगलात एक पान वाजत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मावशीचा हात होता. तिसऱ्यांदा ठोकल्यावर उजवीकडून, वरच्या अंगाने, स्पष्ट उत्तर आलं. तीन ठोके. लाकडावर लोखंड पडावं तसे.

आम्ही तिकडे चढलो. दहा पावलं, दोन ठोके. समोरून तीन. असं अर्धा तास चाललं असेल. शेवटचे तीन ठोके अगदी कानाजवळ वाजले आणि समोर मोहाचं झाड आलं. बुंध्याशी देवराव बसला होता, दोन्ही हात काखेत घालून.

मी त्याला आधी शिव्या दिल्या, मग मिठी मारली. मग विचारलं, "कुऱ्हाड कुठे आहे तुझी?"

"थे तं साखळी सुटली तवाच नाल्यात पडली."

"मग ठोकलं कशानं?"

"मी कायले ठोकू? वाट चुकून येथं बसलो, मंग मी तं हाललोच नाही. तूच खालून हाका मारून राह्यला होता, ये ना, ये ना मनून. उठलो होतो जायले. पन पायच उचलेना."

मी खालून हाका मारल्या नव्हत्या. तळावर परत आल्यावर एकेकाला विचारलं. कुणी ठोकलं नव्हतं, कुणी तळ सोडला नव्हता. चाचांनी पहिल्यांदाच थट्टा केली नाही. देवरावच्या हातात गुळाचा चहा दिला आणि भाकरी थापत बसले. आणि आबाजी? तिथून निघताना त्यांनी त्या मोहाच्या बुंध्यावर बोटाने दोनदा हलकेच ठोकलं होतं. निरोप घ्यावा तसं.

दिवेलागणीला मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ते धावड्याचा निखारा राखेत पुरत होते.

"दरी हाक फिरवते, बाबू," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "एकीकून मारली तं दुसरीकून येते. लाकडाचा ठोका फिरत नाही. मनून ठोकाचं."

हे मला पटलं. बी.ए.ला पटण्यासारखंच होतं ते. "पण मग ते तीन ठोके कोणाचे?"

त्यांनी राख हाताने सारखी केली. "तुह्या बापानं सांगतलं ना, भूत नाही मनून? बरोबर सांगतलं त्यानं. मंग तू भेऊन कायले राह्यला? असन कोनी भला मानूस."

उन्हाळ्याच्या तोंडाला मोजणी संपली. निघताना त्यांनी आपला लोखंडाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "वही भिजली तं हे राहू दे."

तीन-चार वर्षांनी त्याच भागात काम निघालं. मी सरळ पोडावर गेलो. त्यांच्या दाराच्या बांबूवर दोनदा ठोकलं. आतून लगेच तीन ठोके आले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बाहेर आली ती त्यांची सून. तिच्या हातात मुसळ होतं.

"बुढा गेल्या पौषात गेला," ती म्हणाली. "धुवारीत. कुऱ्हाड घेऊन गेलता. वापस नाही आला."

"हाका मारल्या?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

"ठोकलं आमी. तीन दिवस ठोकलं. उत्तर येये, दर खेपेले तीन. आमी तिकडं जाओ, तं थो ठोका पुढं पुढं जाये." तिने मुसळ भिंतीला टेकवलं. "चवथ्या दिवशी मीच मनलं, आता नका ठोकू. बुढ्याले जाऊ द्या."

परतताना जंगलाच्या कडेला एक वाळलेलं झाड उभं होतं. मी खिशातला लोखंडाचा तुकडा काढला आणि दोनदा ठोकलं. फक्त दोनदा. मग मागे न पाहता बस गाठली. उत्तर आलं असतं तर मला जावं लागलं असतं, आणि मला घरी जायचं होतं.

मी त्या मोजणीनंतर कायम झालो. वडील जिनिंगमधून सुटले. देवराव त्याच उन्हाळ्यात घरी पोचला. त्याची पोरगी आता दुसरीत आहे. ती पाटीवर आपलं नाव लिहिते आणि मोठ्याने वाचून दाखवते.