मधल्या खोलीतली हवा

जूचंद्रच्या काळूराम भोईरला पंख्याचा वारा सोसत नाही, असं गावात बोललं जायचं. गाव काय, काहीही बोलतं. पंखा त्याला भारी आवडायचा. वालीवच्या वर्कशॉपमधून घामाघूम होऊन यावं, सदरा खुंटीला टांगावा आणि पंख्याखाली पाय पसरून बसावं, यापलीकडे त्या माणसाची चैन नव्हती. पण त्याच्या घरात पंखा लागत नव्हता, खिडकी उघडत नव्हती आणि मधल्या खोलीतून कुणी सरळ चालत नव्हतं. का, ते आधीच सांगून टाकतो. उगाच ताणून धरण्यासारखी ती गोष्ट नाही.

काळूरामची बायको शकू. जूचंद्रात रांगोळी काढणाऱ्यांचा तोटा नाही, माणसाचा चेहरा जमिनीवर असा उतरवतात की बघणारा दोन पावलं मागे सरतो. त्यातही शकूचा हात वेगळा. चिमटीतून रंग सुटायचा तो जणू आपण कुठे पडायचं हे ठरवूनच. या दोघांची एकुलती एक पोर, खुशी, आठ वर्षांची, काविळीनं गेली. बारावं झालं, पाहुणे पांगले, आणि शकू मधल्या खोलीत जमिनीवर बसली. उठली तेव्हा खुशी तिथे होती. पुढचा पडलेला दात, कानातला लाल खडा, कपाळावर हट्टी बट, सगळी. शकूनं खिडकी लावली, नवऱ्याला तिच्या चौकटीवर खिळे ठोकायला सांगितले, आणि त्यानंतर रांगोळीच्या डब्याला हात लावला नाही. बोलणंही चहा, भात, मीठ एवढ्यापुरतं उरलं.

तेव्हापासून ती दोघं भिंतीच्या कडेकडेनं चालायची. स्वयंपाकघरात जायचं तर भिंतीला पाठ लावून जायचं. शिंक आली तर काळूराम धावत अंगणात जाऊन शिंकायचा. हसू नका, खरंच जायचा. पण रांगोळी किती टिकणार? दोन पावसाळे फरशीखालून ओल आली. मुंग्या आल्या. दार कितीही जपून उघडा, थोडा वारा आत शिरायचाच. ओठ फिसकटले, बट पुसट झाली. शकू दाराशी बसून एकेक कण सरकताना बघायची आणि स्वतःही तशीच झिजत चालली होती. हा चेहरा पुरता गेला की त्यामागोमाग शकूही जाईल, ही भीती काळूरामला होती. बोलणार कुणाशी?

वर्कशॉप माणिकपूरच्या मार्सेलचं. पंप दुरुस्तीचं. काळूरामचं उभं आयुष्य हवा ओढून काढणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपांत गेलेलं. नखांतलं काळं ऑइल लग्नाच्या हळदीतसुद्धा निघालं नव्हतं. दोन हजार साल लागलं आणि एका औषधांच्या कारखान्यातून पहिला कोरडा पंप दुरुस्तीला आला. मार्सेल म्हणाला, काळूराम, हा तूच उघड. त्यानं उघडला आणि बघतच राहिला. पोटात तेलाचा थेंब नाही. नुसतं कोरडं, स्वच्छ, राखाडी चकाकणारं लोखंड. नेहमीच्या कामात जे त्याला कधी झालं नव्हतं ते झालं. त्या पंपात त्याचा जीव गुंतला.

त्या संध्याकाळी ओटीवर बसून त्यानं शकूला सहज सांगितलं, उत्तराची आशा न ठेवता. बाहेर जाडजूड केसिंग असतं, म्हणजे पंपाचं घर. त्या घरात दोन रोटर, लांबलचक, स्क्रूसारखे पिळाचे. एकाचा पीळ उजवा, दुसऱ्याचा डावा. एकाचा पीळ दुसऱ्याच्या खाचेत शिरलेला, पण टेकलेला कुठेच नाही. मधे बारीक फट, कागद जाईल न जाईल एवढी. फिरायला लागले की हवेला पिळात धरून या तोंडाकडून त्या तोंडाकडे ढकलत नेतात आणि बाहेर टाकतात. आत काही उरत नाही.

शकू तांदूळ निवडत होती. बोटं थांबली.

"आनि एकमेकांना लागत नाय?"

"नाय. लागले तं पंप जागीच बसल."

"मंग त्यांना कलतं कसं, कुठं थांबाचं?"

चहा-भात-मिठाबाहेरचा तिचा हा पहिला प्रश्न. सगळं एका दमात सांगून टाकलं तर उद्या काय सांगणार, एवढं शहाणपण काळूरामला होतं. उद्या सांगतो, म्हणाला.

मग रोज संध्याकाळी थोडं थोडं. पहिल्या दिवशी गिअर. ते बाहेर वेगळ्या डब्यात असतात, तेलात बुडालेले, एकमेकांचे दात धरून. ते धरून असतात म्हणून आतले दोघं न लागता फिरतात. मग सील. डब्यातलं तेल पोटात जाऊ नये म्हणून शाफ्टवर बसलेली राखण. मग रोटरना दोन्ही टोकांना पेलणारी बेअरिंगं. मग केसिंगभोवतीची पोकळ भिंत. तेल नाही म्हणून पंप तापतो, तर त्या भिंतीतून पाणी खेळवतात. मग बाहेर जाणाऱ्या हवेचा आवाज गिळणारा सायलेन्सर. शकू ऐकायची. एकदा म्हणाली, "आपल्यासारकंच हाय त्यांचं." काळूराम ओटीसमोरच्या मिठागरांकडे बघत बसला. पाण्यावर संध्याकाळचा रंग पसरला होता, आणि त्याला वाटत होतं की बाई परत येते आहे, आपण फक्त हलायचं नाही.

आणि अशाच एका संध्याकाळी ते वेड त्याच्या डोक्यात शिरलं. हवाच रांगोळी हलवते ना? मग हवाच काढून टाकली तर? मधल्या खोलीच्या फटी बुजवाव्या, दाराला रबर लावावं, भिंतीला भोक पाडून पाईप घ्यावा आणि बाहेर हा कोरडा पंप बसवावा. तेलाचा पंप नको, त्याची वाफ पोरीच्या चेहऱ्यावर बसेल. हा स्वच्छ. मग ना वारा, ना ओल, ना मुंगी. खुशी तशीच राहील, दात पडलेली, जन्मभर. दाराला काच लावून दोघं बाहेरून बघतील. आता अशी पोकळी केली तर त्या भिंती बाहेरच्या हवेनं काडेपेटीसारख्या चेपल्या जातील, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण काम करता करता डोळे मिटले की ती खोली दिसायची, आतला एकही कण न हलणारी, आणि बाहेर दोन रोटर हळूहळू फिरत असलेले. त्या खोलीत त्याला फार बरं वाटायचं.

एक दिवस त्यानं ते शकूला बोलून दाखवलं. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मना बघाचाय तो पंप."

दसरा जवळ आला होता. वर्कशॉपात दसऱ्याला यंत्रांची पूजा असते आणि घरची माणसं येतात. मार्सेल रविवारी चर्चमधली मिस्सा न चुकवणारा माणूस, पण बापाच्या वेळेपासूनची ही रीत त्यानं मोडली नव्हती. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला हळदकुंकू, पान्यांना सुद्धा गंध. कोरडा पंप बांधून तयार होता. काळूरामनं सगळ्यांना बजावलं होतं की याच्या अंगावर माळ घाला, पण वरच्या तोंडाजवळ अक्षत, कुंकू, काही नेऊ नका. तोंड त्यानं मुद्दाम उघडं ठेवलं होतं, शकूला आतले रोटर दिसावेत म्हणून. नारळ फुटला की मार्सेल मुहूर्ताला क्षणभर बटण दाबणार होता.

शकू आली. हिरवं लुगडं नेसून आली. बायका पंपापुढे रांगोळीचे ठिपके टाकत होत्या, त्यांतल्या एकीनं डबा तिच्यापुढे धरला. तिनं घेतला नाही. ती पंपाशी गेली, वाकली आणि तोंडातून आत बघत राहिली. काळूराम नारळाच्या शेंड्या काढत होता. वर बघतो तर शेजारी टेकवलेल्या त्याच डब्यातल्या रांगोळीनं शकूची चिमूट भरलेली, आणि चिमटीतून पांढरी रेघ सुटते आहे. रोटरच्या पिळावरून, वळणाबरोबर वळत, कुठेही न तुटता. कोऱ्या, देखण्या वस्तूवर शुभ म्हणून रांगोळी घालायची, एवढंच तिच्या बोटांना ठाऊक. आणि रांगोळी म्हणजे काय? दगडाची भुकटी. त्या फटीत ती गेली आणि पंप फिरला, तर दोन्ही रोटर खरवडून जाम व्हायचे.

मार्सेलनं क्रूसाची खूण करून नारळ फोडला आणि हात बटणाकडे नेला. काळूरामनं बटणावर आपला पंजा ठेवला. सगळे बघायला लागले. त्यानं फडकं उचललं, पंपाशी आला, आणि त्याचा हात पुढे जाईना. दोन वर्षांनी तिनं रेघ काढली होती. ती पुसायची कशी? पुसली आणि ही परत मिटली तर? पंप न्यायला कारखान्याचा टेम्पो उद्या येणार होता, सगळं वर्कशॉप उभं होतं, आणि तो गडी फडकं धरून ढसाढसा रडायला लागला.

शकूनं त्याच्याकडे बघितलं, रेघेकडे बघितलं, पिळाजवळच्या फटीकडे बघितलं. पंपाचा एकेक भाग तिला पाठ होता. तिला सगळं कळलं.

"पुसा," ती म्हणाली. "रांगोली पुसाचीच अस्ते."

त्यानं पुसली. रोटर हातानं जरासा फिरवला तर आत सांडलेली भुकटी कर्र वाजली. मार्सेल आधी वैतागला होता, आता त्यानं काळूरामच्या पाठीवर हात ठेवला. उद्या परत उघडू, टेम्पोला मी सांगतो, म्हणाला, आणि मुहूर्त लेथवर केला.

घरी जाताना रिक्षात शकू बाहेर बघत होती. नायगावच्या रस्त्याला लागल्यावर तिनं विचारलं, "खोलीत हवाच नसल तं आपून कसं बसाचं तिच्यापाशी?" इतके दिवस मनातल्या त्या खोलीत काळूरामनं सगळं बसवलं होतं, पंप, पाईप, रबर, काच. ती दोघं मात्र बाहेरच राहिली होती.

घरी आल्यावर शकूनं त्याच्या हातात पक्कड दिली. त्यानं खिडकीचे खिळे उपटले. खाडीवरचा वारा आत आला आणि चेहऱ्याची कड उचलायला लागला, पण शकूनं वाऱ्याला ते काम करू दिलं नाही. ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळव्यांनी स्वतः पुसत गेली. कपाळ, डोळे, कानातला लाल खडा. पडलेल्या दाताशी थांबली, रडली, आणि तोही पुसला. सगळी भुकटी पदरात भरून तिनं तुळशीत घातली.

काळूरामनं पंख्याचं बटण दाबलं. पंखा आधी नुसताच गुणगुणला, मग पात्यांवरची धूळ झटकत फिरायला लागला. शकू त्याखाली फरशीवरच आडवी झाली आणि बघता बघता झोपली. तो पाण्याचा तांब्या घेऊन स्वयंपाकघरातून निघाला, सवयीनं भिंतीला पाठ लावून. अर्ध्यावर थांबला. मग खोलीच्या मधून चालत गेला आणि तिच्याजवळ बसला.